ट्रेडमार्कचा अर्ज: निकाल ठरवणारे तीन रकाने

गुमास्ता परवाना आहे, जीएसटी क्रमांक आहे, उद्यम नोंदणी झाली, कंपनीचे नाव मंजूर होऊन आले, डोमेनही घेतले. यांपैकी एकाही कागदाने ब्रँडचे नाव तुमच्या मालकीचे होत नाही. कंपनीचे नाव मंजूर झाले म्हणजे त्याच नावाची दुसरी कंपनी निघणार नाही, इतकेच. उद्या कोणी तेच नाव आपल्या पाकिटावर छापून माल विकू लागला, तर ती मंजुरी दाखवून त्याला अडवता येत नाही. त्यासाठी वेगळा कायदा आहे: ट्रेडमार्क कायदा, १९९९. तो १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला आणि सध्याचे कामकाज २०१७ च्या नियमांनुसार चालते. नोंदणीचे मुख्य कार्यालय मुंबईत आहे आणि दिल्ली, कोलकाता, चेन्नई, अहमदाबाद इथे शाखा आहेत. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड मुंबईच्या अखत्यारीत येतात.

अर्जाचा फॉर्म एकच, टीएम-ए. तो ऑनलाइन भरता येतो आणि भरायला फार वेळ लागत नाही. बहुतेकांचे सगळे लक्ष फी किती आणि लोगोचा रंग कोणता यावर असते. पण नोंदणी मिळेल का आणि मिळालेली नोंदणी भांडणात टिकेल का, हे त्या फॉर्ममधल्या तीन रकान्यांवर ठरते: चिन्ह (म्हणजे नाव किंवा लोगो) कोणते, ते कोणत्या मालासाठी किंवा सेवेसाठी, आणि वापर कधीपासून. हे तिन्ही रकाने घाईत भरले जातात आणि नंतर दुरुस्त करायला गेले की हाती फारसे काही लागत नाही. कायदा दुरुस्तीला परवानगी देतो, पण चिन्हाचे रूप मूलतः बदलणारी किंवा मालाची यादी वाढवणारी दुरुस्ती चालत नाही.

नाव: जे चटकन सुचते तेच अडते

ग्राहकाला नाव वाचताच माल कळावा, अशी प्रत्येक धंदेवाल्याची इच्छा असते. कायद्याला नेमके उलटे हवे असते. मालाचा प्रकार, गुण, प्रमाण, उपयोग किंवा तो जिथला आहे ते गाव सांगणारा शब्द कलम ९ खाली अडतो, कारण तो शब्द सगळ्याच व्यापाऱ्यांना वापरता आला पाहिजे. मसाल्यासाठी ‘झणझणीत’, लोणच्यासाठी ‘घरगुती’, दुधासाठी ‘शुद्ध’ ही नावे कोणा एकाला मिळणार नाहीत. याउलट मसाल्याचे नाव ‘सांडशी’ ठेवले, तर शब्द ओळखीचा असूनही मसाल्याचे वर्णन करत नाही. तो चालू शकतो. पूर्णपणे बनवलेला, कोणत्याही भाषेत अर्थ नसलेला शब्द सर्वांत भक्कम. जाहिरातवाल्याला असे नाव रुजवायला पैसा जास्त लागतो हे खरे, पण तेच नाव पुढे कोर्टात तुमचा वकील सहज सांभाळतो.

वर्णनात्मक नावाला एक पळवाट कायद्यातच आहे. अर्जाच्या तारखेपूर्वीच्या वापरामुळे ते नाव लोकांच्या मनात तुमच्याशीच जोडले गेले आहे असे सिद्ध करता आले, तर नोंदणी मिळते. हे सिद्ध करायला अनेक वर्षांची विक्री, जाहिरातीचा खर्च आणि वर्तमानपत्रांतले उल्लेख लागतात. कालपरवा सुरू केलेल्या धंद्याने या आशेवर बसू नये.

देवांची आणि धर्मग्रंथांची नावे हा आपल्याकडचा खास विषय. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘रामायण’ हे नाव अगरबत्तीसाठी एकट्याचे होऊ शकत नाही असा निकाल दिला. धर्मग्रंथाच्या नावावर कोणाची मक्तेदारी नसते. त्याला दुसरा ठळक शब्द जोडून वेगळेपण आणले, तर गोष्ट वेगळी. देवांच्या नावाने तर इतके व्यापारी आधीच बसलेले असतात की नुसत्या नावाला वेगळी ओळख मिळणे कठीण. राष्ट्रध्वज, अशोकचक्र, सरकारी संस्थांची नावे १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्याने बंद आहेत. हयात व्यक्तीचे, किंवा गेल्या वीस वर्षांत निधन झालेल्या व्यक्तीचे नाव वापरून तिच्याशी संबंध सुचवला, तर तिची किंवा वारसांची लेखी संमती मागितली जाऊ शकते. गावचे मोठे पुढारी, गायक, पहिलवान यांच्या नावाने दुकाने काढणाऱ्यांनी हे आधी वाचावे.

शोध: स्पेलिंग नव्हे, कान

आयपी इंडिया या सरकारी बौद्धिक संपदा कार्यालयाच्या संकेतस्थळावर नोंदणीतले आणि प्रलंबित अर्ज फुकट शोधता येतात. बहुतेक लोक तिथे आपले नाव जसेच्या तसे टाइप करतात, काही सापडले नाही की खूश होतात आणि अर्ज करतात. अर्ज तपासणारा नोंदणी कार्यालयातला परीक्षक तसे शोधत नाही. तो कानाला काय ऐकू येते ते पाहतो.

‘सांडशी’चेच पाहा. रोमन लिपीत ते एका ‘ए’ने लिहिता येते, दोन ‘ए’ने लिहिता येते, मधला ‘ए’ गाळूनही लिहिता येते. ‘शी’ला ‘एस-एच-आय’ किंवा ‘एस-एच-ई-ई’, आणि कोणी ‘श’चा ‘स’ करून ‘सांडसी’ही लिहिलेले असते. हे सगळे प्रकार ‘वर्डमार्क’ शोधात ‘कंटेन्स’ हा पर्याय निवडून पाहावे लागतात. मग ‘फोनेटिक’ शोध वेगळा. मग नावाचा सुरुवातीचा भाग एकटा, म्हणजे फक्त ‘सांड’, कारण ग्राहक शब्दाची सुरुवात जास्त लक्षात ठेवतो. लोगो असेल, तर चित्रातल्या वस्तूचा व्हिएन्ना संकेतांक (चित्रांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला क्रमांक) घेऊन चित्रांचा शोध. आणि हे सारे मालाच्या एका वर्गात (वर्ग म्हणजे काय ते पुढे येईल) करून भागत नाही; शेजारच्या वर्गांतही करावे लागते.

सारखेपणाची कसोटी जुनी आहे. १९५९ मध्ये ‘ग्लुकोव्हिटा’ आणि ‘ग्लुव्हिटा’, तर १९६२ मध्ये निकाल लागलेल्या खटल्यात ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या नावांत गोंधळ होऊ शकतो असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. दोन पाकिटे शेजारी ठेवून फरक शोधायचा नसतो. साधारण बुद्धीचा, अर्धवट आठवण असलेला ग्राहक एका पाकिटाच्या जागी दुसरे घेऊन जाईल का, एवढेच बघायचे. औषधांच्या बाबतीत कॅडिला या औषध कंपनीच्या खटल्यातल्या २००१ च्या निकालापासून कसोटी आणखी कडक झाली, कारण तिथली चूक जिवावर बेतते.

नोंदणीच्या यादीत नसलेला पण बाजारात असलेला माणूस हा शोधातला मोठा आंधळा कोपरा. ऑनलाइन बाजारपेठा, नकाशे, समाजमाध्यमे, कंपन्यांची यादी, आणि शक्य असेल तर त्या धंद्याच्या घाऊक बाजारात एक चक्कर हवीच. हे का, ते वापराच्या तारखेच्या भागात कळेल.

शब्द आणि लोगो

एका अर्जात एकच चिन्ह. पैसे एकाच अर्जाचे असतील, तर आधी नुसत्या शब्दाचा अर्ज करावा. शब्द नोंदला की तो कोणत्याही अक्षरवळणात, कोणत्याही रंगात तुमचा. लोगोचा अर्ज केला, तर संरक्षण त्या संपूर्ण चित्राला मिळते. त्यातला एखादा भाग वेगळा नोंदलेला नसेल, तर त्या सुट्या भागावर हक्क सांगता येत नाही असे कलम १७ सांगते. शिवाय लोगो दर काही वर्षांनी बदलतात आणि नव्या लोगोला नवा अर्ज लागतो. काही सल्लागार मुद्दाम उलटे करतात: शब्द कमजोर आहे हे दिसत असते, म्हणून तो नक्षीत गुंडाळून लोगो म्हणून दाखल करतात. नोंदणी मिळते, ग्राहक खूश होतो, पण तोच शब्द दुसऱ्याने वापरला की त्या नोंदणीचा उपयोग जेमतेम.

लोगोचा अर्ज काळ्या-पांढऱ्यात करावा. रंगाची मर्यादा घातली नाही, तर ते चिन्ह सर्व रंगांसाठी नोंदले गेले असे कायदा मानतो. रंग हीच ओळख असेल, तरच रंगीत द्यावे. नाव मराठीत असेल, तर त्याचा रोमन उच्चार आणि इंग्रजी किंवा हिंदी अर्थ अर्जात लिहून टाकावा. तो नसला की उगीच एक आक्षेप वाढतो.

आणखी एक गोष्ट कागदावर घ्या. बाहेरच्या डिझायनरकडून लोगो करून घेतला आणि बिल चुकते केले, एवढ्याने त्याचा कॉपीराइट तुमच्याकडे आला असे समजू नका. हस्तांतरणाचा लेखी, सही केलेला करार लागतो. त्यातही मुदत लिहिली नाही, तर कॉपीराइट कायद्यानुसार हस्तांतरण फक्त पाच वर्षांचे मानले जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरते. ‘कायमस्वरूपी, संपूर्ण जगासाठी’ हे शब्द त्या करारात हवेतच.

वर्ग: माल नीट लिहिणे

जगभर वापरल्या जाणाऱ्या नीस वर्गीकरणात ४५ वर्ग आहेत. १ ते ३४ वस्तूंचे, ३५ ते ४५ सेवांचे. फी वर्गागणिक लागते, म्हणून वर्ग निवडताना हात आखडतो आणि चुका होतात. व्यवहारातली विभागणी नेहमी पटेल अशी नसते: मसाले आणि चहा ३० मध्ये, पण लोणची, जॅम, दूध-दही २९ मध्ये. बटाट्याचे वेफर्स २९, पॉपकॉर्न ३०. ताजी फळे-भाज्या ३१. साधे क्रीम ३, औषधी क्रीम ५. कपडे २५, पण चामड्याच्या पिशव्या १८. डाउनलोड होणारे ॲप ९ मध्ये, तर इंटरनेटवरून सेवा म्हणून दिलेले सॉफ्टवेअर ४२ मध्ये. क्लासेस ४१, उपाहारगृह ४३.

वर्ग ३५ बद्दल गैरसमज फार. जाहिरात, व्यवसाय-व्यवस्थापन आणि दुसऱ्यांचा माल एकत्र मांडून विकण्याची सेवा यात येते. स्वतःचा मसाला स्वतः विकणाऱ्याला ३० हवा. फक्त ३५ घेऊन बसलेल्या उत्पादकाच्या मूळ मालालाच कवच नसते.

वर्गाच्या क्रमांकाइतकेच त्याखाली लिहिलेले मालाचे वर्णन महत्त्वाचे. कर्नाटक दूध महासंघाची ‘नंदिनी’ आणि बंगळुरूचे उपाहारगृह ‘नंदिनी डिलक्स’ यांचा वाद २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला. उपाहारगृहवाल्यांनी दूध आणि दुग्धजन्य पदार्थ आपल्या यादीतून सोडून दिले होते. वर्ग एकच असला तरी प्रत्यक्ष माल वेगळा आहे असे म्हणत न्यायालयाने त्यांची नोंदणी मान्य केली. म्हणून ‘वर्ग ३० मधील सर्व वस्तू’ असे लिहून मोकळे होऊ नये. ज्या माणसाशी तुमचा काही संबंध नाही तोही त्या यादीमुळे तुमच्या आड येतो, आणि पाच वर्षे न वापरलेल्या मालापुरती नोंदणी उडवण्याची मागणी कोणीही बाधित करू शकतो. आज विकता ते आणि दोन-तीन वर्षांत खरोखर विकणार ते, इतके लिहावे.

एकाच अर्जात अनेक वर्ग घालता येतात, फी तेवढीच पडते. आमचे मत मात्र वेगवेगळ्या अर्जांचे. एका वर्गात आक्षेप आला की बाकीचे वर्गही त्याच्याबरोबर थांबून राहतात. अर्जाचे विभाजन करता येते, पण त्याला पुन्हा अर्ज, पुन्हा फी.

वापराची तारीख: सर्वांत महाग रकाना

आपल्याकडे आधी नोंदणी करणाऱ्यापेक्षा आधी वापरणारा वरचढ ठरतो. कलम ३४ असे सांगते की, तुमच्या वापराच्या आणि तुमच्या नोंदणीच्या, दोन्ही तारखांच्या आधीपासून सलग वापर करणाऱ्याला नोंदणीच्या जोरावर रोखता येत नाही. तिरुनेलवेलीच्या ‘इरुट्टुकडै हलवा’ या नावाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हीच बाजू उचलून धरली: दोघांकडेही नोंदणी असली तरी आधीच्या वापरकर्त्याचा हक्क मोठा. बाजारातला नोंद नसलेला माणूस शोधायचा तो यासाठी.

फॉर्ममध्ये दोन पर्याय असतात: ‘वापरण्याचा इरादा आहे’ किंवा ‘अमुक तारखेपासून वापरात आहे’. दुसरा निवडला, तर त्याच वेळी प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडावे लागतात. कागद गोळा करण्याचा कंटाळा म्हणून दहा वर्षे चालू असलेल्या ब्रँडचा अर्जही ‘इरादा आहे’ म्हणून भरला जातो. पुढे कोणी हरकत घेतली की पहिला मुद्दा हाच: यांनी स्वतःच लिहून दिले आहे की तेव्हा वापर सुरू झाला नव्हता.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे आजोबांनी धंदा सुरू केला ते साल टाकणे. धंदा कधी सुरू झाला हे इथे विचारलेलेच नाही. हे चिन्ह, या मालावर, कोणत्या तारखेपासून, एवढाच प्रश्न आहे. २००९ लिहिले आणि सर्वांत जुने बिल २०१५ चे निघाले, तर उरलेल्या सगळ्या कागदांवरचा विश्वासही जातो, आणि खोटा दावा हे नोंदणी रद्द करण्याचे कारण होऊ शकते.

आता पुराव्याचे बिल हातात घेऊन बघा. वर फर्मचे नाव, खाली ‘मसाला ५०० ग्रॅम, नग २४’, एचएसएन कोड, रक्कम. ब्रँडचे नाव कुठेच नाही. फर्मचे नाव ‘अमुक ट्रेडर्स’ आणि ब्रँड ‘सांडशी’ असेल, तर अशी हजार बिले ठेवूनही ‘सांडशी’चा वापर सिद्ध होत नाही. आजपासून बिलाच्या तपशिलात ‘सांडशी गोडा मसाला ५०० ग्रॅम’ असे छापायला सुरुवात करा. बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये मालाचे नाव एकदा बदलले की झाले. मागच्या काळासाठी पाकिटे छापणाऱ्याचे बिल शोधा, त्यावर बहुधा डिझाइनचे किंवा ब्रँडचे नाव असते. जाहिरातीचे कात्रण तारखेसह, प्रदर्शनातल्या स्टॉलची पावती, समाजमाध्यमावरची सर्वांत जुनी पोस्ट, वितरकाशी झालेला करार हेही चालते. मुद्रितशोधनाला दिलेले पाकिटाचे नमुने कोणी जपत नाही, जपावे.

अर्ज कोणाच्या नावाने

प्रोप्रायटरी, म्हणजे एकाच मालकाच्या, धंद्याला कायद्यात वेगळे अस्तित्व नाही, म्हणून अर्ज माणसाच्या नावाने आणि पुढे ‘अमुक नावाने व्यापार करणारा’ असे. भागीदारीत सर्व भागीदारांची नावे येतात. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल, तर अर्ज कंपनीचा. इथे ‘सध्या माझ्या नावावर टाकू, मग बघू’ हे वाक्य फार ऐकू येते, आणि भावाभावांची किंवा भागीदारांची फारकत होते तेव्हा त्याची किंमत कळते: माल कंपनी विकते, ब्रँड एकाच्या खिशात. तसे ठेवायचेच असेल, तर मालक आणि कंपनी यांच्यात लेखी परवाना-करार करावा. नंतर हस्तांतर करायचे तर करारपत्र, त्यावरचे मुद्रांक शुल्क आणि टीएम-पी फॉर्मची ९,००० रुपये फी आलीच.

ऑनलाइन अर्जाची फी व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगाला प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये, इतर सर्वांना ९,०००. कागदी अर्जाला अनुक्रमे ५,००० आणि १०,०००. सवलतीसाठी कंपनीला उद्यम प्रमाणपत्र किंवा स्टार्टअप मान्यतेचे पत्र अर्जासोबतच लावावे लागते. अर्ज स्वतः करता येतो. दुसऱ्याकडून करायचा तर तो वकील, नोंदणीकृत ट्रेडमार्क एजंट किंवा तुमच्याच पूर्णवेळ नोकरीतला माणूस असावा लागतो. एजंट नेमलात, तरी अर्जात त्याच्याबरोबर तुमचा स्वतःचा ई-मेलही पोहोचेल याची खात्री करा. एजंटने मेल पाहिला नाही म्हणून मेलेले अर्ज थोडे नाहीत.

अर्ज क्रमांक मिळाला की नावाजवळ छोटा ‘टीएम’ लावता येतो. खरे तर तो अर्जाआधीही लावता येतो. वर्तुळातला ‘आर’ मात्र नोंदणी झाल्यावरच. त्याआधी लावणे बेकायदा आहे.

परीक्षण अहवाल आला म्हणजे अर्ज फेटाळला नव्हे

काही आठवड्यांत किंवा महिन्यांत स्थितीदर्शक रकान्यात ‘ऑब्जेक्टेड’ दिसते आणि घबराट होते. आक्षेप अनेक अर्जांवर येतात. अहवाल मिळाल्यापासून एक महिन्यात उत्तर द्यायचे. उत्तराला वेगळी फी नाही. उत्तर गेले नाही, तर अर्ज सोडून दिला असे मानले जाऊ शकते. मार्च २०१६ मध्ये उत्तर न आल्याचे कारण देऊन नोंदणी कार्यालयाने लाखाहून अधिक अर्ज एकगठ्ठा असे निकाली काढले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये त्याला स्थगिती दिली. अनेकांचे म्हणणे होते की अहवाल हातात पडलाच नाही. म्हणून मेलची वाट न पाहता दर पंधरवड्याला अर्जाची स्थिती स्वतः उघडून बघावी.

कलम ९ चा आक्षेप म्हणजे नाव वर्णनात्मक आहे. त्याला ‘आमचे नाव वेगळे आहे’ एवढे उत्तर पुरत नाही. शब्द मालाचे थेट वर्णन का करत नाही ते सांगावे, किंवा वापराचा ढीग दाखवावा. कलम ११ चा आक्षेप म्हणजे सारखे चिन्ह आधीच आहे. अहवालात ज्या चिन्हांचा उल्लेख असेल, त्या प्रत्येकाची आजची स्थिती तपासा. त्यातले काही अर्ज बऱ्याचदा मेलेले किंवा नूतनीकरणाविना पडलेले असतात. उरलेल्यांशी उच्चार, रूप आणि माल यांतला फरक मांडावा. आधीच्या मालकाची लेखी संमती मिळवता आली, तर कलम ११ मध्येच त्याची सोय आहे. दोघांचा प्रामाणिक, समांतर वापर असेल तर कलम १२.

इथे एक सापळा आहे. ‘आमचे चिन्ह त्यांच्यासारखे अजिबात नाही’ असे लिहून नोंदणी मिळवली आणि तीन वर्षांनी त्याच माणसावर ‘तुमचे आमच्यासारखे आहे’ म्हणून दावा लावला, तर तुमचेच उत्तर तुमच्यासमोर ठेवले जाते. वाक्ये जपून लिहावीत.

लेखी उत्तराने समाधान झाले नाही, तर सुनावणी लागते, बहुधा व्हिडिओद्वारे. घाई असेल, तर जलद परीक्षणाची सोय आहे: वर्गाला २०,००० रुपये, मोठ्या अर्जदारांना ४०,०००. पुढचे हरकतीचे चार महिने मात्र त्यानेही टळत नाहीत.

जर्नल आणि हरकत

स्वीकारलेले चिन्ह दर सोमवारी निघणाऱ्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापले जाते. तिथून चार महिने कोणीही हरकत घेऊ शकतो. टीएम-ओ फॉर्म, वर्गाला २,७०० रुपये. ही मुदत वाढत नाही. हरकत आली, तर नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत प्रतिनिवेदन, म्हणजे हरकतीला लेखी उत्तर, दाखल करायचे, फी तेवढीच. हीही मुदत वाढत नाही, आणि चुकली की अर्ज संपला, मग हरकत कितीही पोकळ असो. मोठ्या कंपन्या जर्नलवर पाळत ठेवून सवयीने हरकती घेतात. छोटा माणूस घाबरून उत्तर देत नाही आणि त्यांचे काम फुकटात होते. प्रतिनिवेदन भरले की बरेचदा बोलणी सुरू होतात, मालाच्या यादीतून एखादी वस्तू वगळून तडजोड होते. नाहीच झाली, तर दोन्ही बाजूंचे पुरावे, सुनावणी, आणि यात वर्षे जातात. पुरावे प्रतिज्ञापत्रावर द्यायचे असतात. वापराच्या तारखेसाठी गोळा केलेली फाइल इथे पुन्हा उघडते.

हरकत आली नाही, तर प्रमाणपत्र मिळते. त्याची वेगळी फी नाही. नोंदणी दहा वर्षांची, आणि ती मोजायची अर्जाच्या तारखेपासून. प्रमाणपत्रावरच्या तारखेपासून मोजणारे नूतनीकरण चुकवतात. मुदत संपण्याआधी एक वर्षापासून टीएम-आर भरता येतो, ऑनलाइन ९,००० रुपये प्रति वर्ग, इथे छोट्यांना सवलत नाही. नंतरचे सहा महिने ४,५०० रुपये जादा भरून, आणि मुदत संपल्यापासून वर्षाच्या आत पुनर्स्थापनेची आणखी फी भरून नाव वाचवता येते. त्यानंतर नवा अर्ज.

नोंदणीने नक्कल आपोआप थांबत नाही. नोटीस, मग दावा. नोंदणीकृत चिन्हासाठी तुम्ही जिथे राहता किंवा धंदा करता तिथल्या जिल्हा न्यायालयातही दावा लावता येतो, प्रतिवादी दूरच्या राज्यात असला तरी; ही कलम १३४ ची मोठी सोय आहे. खोट्या चिन्हाचा माल विकणे गुन्हाही आहे: सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते दोन लाख रुपये दंड. पोलीस वॉरंटविना माल जप्त करू शकतात, पण किमान उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने आणि आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रारचे मत घेऊन. नोंदणी नसेल, तर ‘पासिंग ऑफ’चा, म्हणजे समोरचा आपला माल तुमचा म्हणून खपवतो असा, दावा उरतो, त्यात बाजारातली पत, समोरच्याने केलेली दिशाभूल आणि तुमचे नुकसान हे सगळे सिद्ध करायचे ओझे तुमच्यावर.

भारतातली नोंदणी सीमेपलीकडे चालत नाही. ‘जागतिक ट्रेडमार्क’ मिळवून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहावे. तसे काही अस्तित्वात नाही. २०१७ मध्ये ‘प्रियस’ या नावावरून टोयोटा सर्वोच्च न्यायालयात हरली, कारण इथल्या कंपनीने नाव वापरायला सुरुवात केली तेव्हा भारतात त्या गाडीची पत होती हे तिला दाखवता आले नाही. निर्यात करायची असेल, तर भारतातल्या अर्जापासून सहा महिन्यांत बाहेर अर्ज केल्यास तीच तारीख धरली जाते. जुलै २०१३ पासून भारत माद्रिद व्यवस्थेत आहे; एकाच अर्जात अनेक देश निवडता येतात, पण तपासणी प्रत्येक देश आपापली करतो. पहिली पाच वर्षे ती सारी इमारत भारतातल्या मूळ अर्जावर उभी असते. इथला अर्ज पडला, की तिकडचीही नोंदणी पडते.

जर्नलमध्ये नाव आले की तुमचा पत्ता सगळ्यांना दिसतो आणि सरकारी वाटणारी पत्रे यायला लागतात: नोंदणी-सूचीत नाव टाकण्याचे इतके भरा, प्रकाशनाचे तितके भरा. प्रकाशनाची वेगळी फी नसते. खरी फी फक्त अधिकृत ई-फायलिंग खात्यातून, तुमच्या अर्ज क्रमांकासमोर भरली जाते. पत्र आले, तर आधी तिथे जाऊन त्या क्रमांकाखालची कागदपत्रे उघडा. तिथे नोटीस नसेल, तर पत्र फाडून टाका.